निरर्थकाचा रकाना

सकाळी साडेसात वाजता हणमंतराव नलवड्यांनी बायकोकडे चहा मागितला आणि शालनच्या हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं.

मागितला तो असा : “शालन, मला चहा हवा आहे.”

एवढं साधं वाक्य. पाटण गावातल्या निम्म्या घरांत त्या वेळी कुणी ना कुणी तेच म्हणत असेल, जरा जास्त गुरगुरत, इतकाच फरक. पण या घरात गेल्या तीन वर्षांत ते कुणी म्हटलं नव्हतं. या घरात चहाला ‘हेळवाक’ म्हणत.

शालननं चहा केला. कप त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांच्या डोक्यावरच्या राखाडी टोपाला कानाजवळ एक बारका दिवा होता, तो हिरवा होता. ती वाकली तसा क्षणभर पिवळा झाला आणि पुन्हा हिरवा. “धन्यवाद,” हणमंतराव म्हणाले. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या तोंडून धन्यवाद ऐकण्याची तिच्यावर ही पहिलीच वेळ आली होती, आणि तिला त्याचं बरं वाटेना.

हणमंतराव एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षांच्या नोकरीतली सव्वीस एकाच मार्गावर गेली : कराड, विजयनगर, सुपने, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, येराड, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्लीचा घाट, खाली पोफळी, अलोरे, खेर्डी आणि शेवटी चिपळूण. ते निवृत्त झाले त्याच वर्षी कंडक्टर ही जागाच मोडीत निघाली. तिकीट गाडीच कापायला लागली, थांबेही गाडीच पुकारायला लागली. “आपल्यामागं आपली खुर्चीबी उचलली लेकांनी,” असं म्हणून ते खो खो हसले होते. त्यानंतर पाच वर्षांनी एका सकाळी अंगणात दात घासता घासता ते कोसळले. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला, उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि भाषा गेली.

अगदी सगळी नाही गेली. घोकून घोकून जे अंगात मुरलेलं असतं ते अशा माणसांत कधीकधी शिल्लक राहतं. कुणाचे पाढे राहतात, कुणाची आरती, पुष्कळांच्या नुसत्या शिव्या. हणमंतरावांचे कराड ते चिपळूण राहिले.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ते सारखे “हेळवाक, हेळवाक” करायला लागले. शालननं पांघरूण दिलं, उशी दिली, पंखा लावला. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. घाट चढून आलेली नि उतरणारी गाडी हेळवाकला चहासाठी थांबायची! तिनं चहा केला, त्यांनी तो घटाघटा प्यायला, आणि त्या घरात एका नव्या बोलीचा जन्म झाला. पाटणला गाडी दहा मिनिटं थांबे, म्हणून पाटण म्हणजे लघवीला जायचंय. मल्हारपेठ म्हणजे फार माणसं जमलीत, हाकला. कुंभार्ली म्हणजे दुखतंय. चिपळूण म्हणजे झोप. डावा हात चालता होता, तो खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोके मारायचा. गाडीतल्या घंटीचाच तो नियम : एक वाजली की थांबवा, दोन वाजल्या की चलू द्या. जेवताना टकटक दोनदा झालं की आणखी चतकोर भाकरी वाढायची, एकदाच झालं की बास.

आणि येराड म्हणजे ती स्वतः. शालनचं माहेर येराड. शिवणाच्या क्लासला ती पाटणला जायची, तेव्हा नव्यानंच नोकरीला लागलेला हा कंडक्टर संध्याकाळच्या फेरीत सगळ्या थांब्यांची नावं खणखणीत पुकारायचा, फक्त येराडचं नाव हळू घ्यायचा. का, ते तिला पहिल्यांदा समजलं नाही, आणि समजल्यावर ती आठ दिवस क्लासला गेली नाही. लग्नानंतर गर्दीत, जत्रेत, लोकांदेखत बायकोला हाक मारायची झाली की ते तेच नाव घ्यायचे. आजारपणानंतर दिवसातून पंधरा-वीस वेळा घ्यायला लागले. कधी चिडून, कधी लाडानं, कधी नुसतं ती आहे ना एवढं बघायला. शब्द एकच, पण सुरावरून तिला सगळं कळायचं. निदान तिला तसं वाटायचं.

टोपाची बातमी मुलीनं, प्रणालीनं, पुण्याहून आणली. कराडच्या बाहेर, वाचा गेलेल्या रुग्णांवर संशोधन करणारं एक केंद्र निघालं होतं. तिथल्या डॉक्टर यास्मिन मुजावर बोलायला गोड आणि समजावून सांगायला त्याहून बऱ्या.

“काकू, मेंदूचे दोन भाग म्हणजे दोन शेजारी समजा,” त्या म्हणाल्या होत्या. “बोलण्याचा धंदा डावीकडच्याचा. त्याचं घर जळालं. उजवीकडचा शेजारधर्म म्हणून पुढं आला, पण त्याला तो धंदा येत नाही. त्याला पाठ केलेलं तेवढं येतं. आणि त्याचा गलका चालू आहे तोवर डावीकडची जी एखादी खोली शाबूत राहिलीय, ती तोंड उघडत नाही.”

“मग?”

“हा टोप चुंबकाचे बारीक ठोके देतो. ते कवटीच्या आरपार जातात. आम्ही त्याला चुंबकस्पंदन म्हणतो. चिरायचं नाही, टोचायचं नाही. उजवीकडच्याला जरा गप्प करायचं आणि डावीकडच्याला जागं करायचं. डाव्या हाताचा कारभार उजव्या मेंदूकडं असतो, त्यामुळं तो हात सुरुवातीला जड वाटेल. घाबरू नका.”

पण कुणाला गप्प करायचं हे टोपाला आधी कळायला हवं. पहिला आठवडा तो नुसताच ऐकणार होता. काका जे जे बोलतील ते शालननं वहीत टिपायचं. वहीत दोन रकाने : अर्थपूर्ण आणि निरर्थक. निरर्थक शब्द ओठांवर येण्याआधी मेंदूत जी हालचाल होते ती टोप ओळखायला शिकणार, आणि पुढचे चार आठवडे ती दिसली की तिथल्या तिथे थोपवणार. थोपवलं की दिवा पिवळा.

वही हातात घेतली तेव्हाच शालननं डॉक्टरांना सांगायला हवं होतं, की बाई, या शब्दांना आमच्या घरात अर्थ आहे. पण त्याच सकाळी केंद्राच्या दालनात एक प्रकार घडला होता. डॉक्टरांनी विचारलं, “काका, तुमचं नाव काय?” आणि हणमंतरावांनी मान ताठ करून सांगितलं, “कराड, विजयनगर, सुपने.” मागच्या बाकावर बसलेल्या दोन बायकांनी पदर तोंडाला लावला. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं शालनला झालं. आता त्याच वहीत ‘येराड म्हणजे मी’ असं लिहायचं? सातवी शिकलेल्या बाईनं? शिकलेल्या लोकांच्या दारात चार माणसांत शोभा करून घेण्यापेक्षा तिनं सगळी गावं मुकाट्यानं निरर्थकाच्या रकान्यात घातली. लिहिताना हात मात्र नेटका होता. प्रत्येक नावापुढे पाच-पाचच्या रेघांच्या मोळ्या. सात दिवसांत हेळवाक एकतीस वेळा. कुंभार्ली नऊ. येराड एकशे अठरा.

डॉक्टरांनी वही चाळून तिचं कौतुक केलं होतं. इतकी व्यवस्थित वही आजवर कुणी दिली नाही म्हणाल्या.

थोपवण्याचा चौथा आठवडा आज संपत आला होता. शुक्रवारी, म्हणजे परवा, शेवटची बैठक होती. तिला डॉक्टर ‘स्थिरीकरण’ म्हणत. त्या बैठकीत आजवर झालेला बदल पक्का व्हायचा. ती झाली की टोप काढून ठेवायचा आणि उरलेलं आयुष्य बोलत काढायचं.

चहा पिऊन झाल्यावर प्रणालीचा फोन आला. “आबा, आज काय खाल्लं?” “आज पोहे खाल्ले.” “आणि?” “पोह्यांत शेंगदाणे होते.” पलीकडे प्रणाली हसली आणि हसता हसता रडली. गेले दहा दिवस, आबा विचारलेल्याला वाक्यांत उत्तर द्यायला लागल्यापासून, ती रोज अशीच रडत होती; आपणहून काही मागितलं ते मात्र त्यांनी आजच. हणमंतराव शांतपणे रडणं संपायची वाट बघत बसले. आवाज सारवलेल्या जमिनीसारखा सपाट. पूर्वी पोरीच्या डोळ्यांत पाणी बघितलं की हा माणूस खिशात रुमाल शोधायला लागायचा.

फोन ठेवल्यावर शालन त्यांच्यासमोर बसली. कालपासून मनात घोळत होतं ते आज विचारायचंच, असं ठरवून बसली.

“आवो, हेळवाक म्हंजी काय?”

“हेळवाक हे गाव आहे. कोयनानगरच्या जवळ आहे.”

“आन् पाटण?”

“आपण पाटणला राहतो.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “येराड?”

दिवा पिवळा झाला. हिरवा झाला. “येराड हे तुझं माहेर आहे,” हणमंतराव म्हणाले.

बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. भूगोलाच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले असते. शालन उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंड धूत राहिली. मग तिला आठवलं, की खाटेची दांडी वाजून पंधरा दिवस झाले. आणि त्यापाठोपाठ आणखी एक गोष्ट लक्षात आली तेव्हा तिचे ओले हात तसेच राहिले. टोपाचा दिवा एरवी हिरवा असायचा. पिवळा व्हायचा तो बहुतेक ती खोलीत आली की. थोपवायला लागल्यावर पहिले काही दिवस तर उंबऱ्यात पाऊल टाकलं की पिवळा. म्हणजे ती दिसली की आत कुणीतरी हाक मारत होतं, आणि हाक ओठांपर्यंत यायच्या आत टोप ती अडवत होता. तसं करायला त्याला शिकवलं कुणी? तिनंच. एकशे अठरा रेघा मारून.

ती त्याच दुपारी एकटी कराडला गेली. शेजारच्या नंदाला हणमंतरावांपाशी बसवलं आणि वही पिशवीत घातली.

डॉक्टर मुजावर जेवणाचा डबा उघडत होत्या. शालननं दारातूनच बोलायला सुरुवात केली ती शेवटचा शब्द होईपर्यंत थांबली नाही. हेळवाकचा चहा, पाटणची दहा मिनिटं, खाटेवरची घंटी, सगळं सांगितलं. येराडपाशी आल्यावर नुसती वही उघडून रेघांवर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी डबा बंद केला. पानं उलटत त्या शेवटच्या रेघेपर्यंत गेल्या. “काकू, हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली.”

“कशाची?”

“तुमी समद्या शिकलेल्या. म्हनलं, हसाल.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांचाच चेहरा उतरला होता. “चूक तुमची नाही. रकाने आम्ही आखले. निरर्थक म्हणजे कुणाला निरर्थक, हे विचारायचं आमच्याही डोक्यात आलं नाही.”

“मग आता मागं फिरता येतंय का?”

“शुक्रवारची बैठक केली नाही तर हळूहळू सगळं ओसरेल. सहा आठवड्यांत काका पहिल्यासारखे होतील. थांब्यांची नावं येतील, वाक्यं जातील. बैठक केली तर वाक्यं राहतील आणि नावांचा तो रस्ता बहुधा कायमचा बंद होईल.”

“दोन्ही न्हाई व्हायचं? नवी वही लिहिते की मी. नीट लिहिते.”

“वर्षभर थांबावं लागेल. आणि या वयात डावीकडची ती खोली दुसऱ्यांदा उघडेल का, मला सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?” त्यांनी वही मिटली. “निर्णय काकांचा आहे. आता त्यांना बोलता येतं, म्हणजे नियमानं संमती त्यांचीच घ्यायची.”

“पर ज्यांना इचारायचं त्यांनाच तर आपण बदललंय.”

शालन उठली आणि वही तिथेच टेबलावर विसरली.

संध्याकाळी तिनं प्रणालीला फोन केला. वाटलं होतं, पोरीला समजेल. ऐकून घेता घेता प्रणालीचा आवाज चढला. “आई, तू काय म्हणतेयस तुला कळतंय का? माणूस बोलायला लागलाय!”

“बोलत हुतेच की गं ते.”

“तुझ्याशी! माझ्याशी कधी? तू समोर असायचीस, तुला कळायचं. तीन वर्षं मी फोनवर नुसती गावं ऐकली. मला मुलगी झाली त्या दिवशी आबा मला मल्हारपेठ म्हणाले. ते खूश होते का, रडत होते, मला अजून माहीत नाही.” मग हलक्या आवाजात, “तुला त्यांनी फक्त तुझ्याशीच बोलायला हवंय का?”

फोन ठेवल्यावर शालन ओट्याला टेकून उभी राहिली. पोरीचा राग यायला हवा होता, तो येईना. कारण प्रश्न तिनं स्वतःलाही कुठंतरी विचारला होता. शेजारपाजारचे यायचे, हणमंतराव काहीतरी म्हणायचे, सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे आणि ती अर्थ सांगायची. तेव्हा बरं वाटायचं. नवऱ्याच्या बोलण्याची किल्ली आपल्या कमरेला असावी, असं मनाच्या तळाशी वाटत होतं की काय? ती स्वतःलाच घाबरली.

शुक्रवारी सकाळी दोघं बसनं निघाली. विजेची गाडी, आवाज नाही, धूर नाही. कंडक्टरच्या जागी पडदा. “पुढील थांबा, नवारस्ता,” गाडी म्हणाली. पूर्वी या आवाजाचा हणमंतरावांना भारी राग. “कुंभार्ली!” म्हणून ओरडायचे आणि समोरच्या दांडीवर टणकन एक ठोका मारायचे. आज डावा हात मांडीवर पालथा पडून होता. शालन खिडकीबाहेर बघतच नव्हती, त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मल्हारपेठ आलं, गेलं. सुपने आलं, गेलं. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. विजयनगरला ते म्हणाले, “ही गाडी वेळेवर आहे.”

केंद्रात त्यांना मोठ्या खुर्चीत बसवलं. खुर्चीला लाकडी हात होते. डॉक्टरांनी टोप नीट बसवला आणि शालनकडे बघून म्हणाल्या, “आत्ता तो नुसता ऐकतोय. काही थोपवणार नाही. गावाचं नाव ओठांशी आलं की दिवा मात्र पिवळा होईल. संमती घेताना त्यांच्यावर कसलाच दाब नको.” मग त्या हणमंतरावांसमोर स्टुलावर बसल्या. वहीतली सगळी गोष्ट त्यांनी न लपवता सांगितली. काय राहील, काय जाईल, दोन्ही सांगितलं. “काका, तीनदा विचारायचा नियम आहे. हे पक्कं करायचं?”

“हो. पक्कं करायचं आहे.”

“पक्कं करायचं?”

“हो.”

“का, ते सांगाल?”

हणमंतराव एकेक शब्द लावत गेले. “मला प्रणालीशी बोलायचं आहे. नातीशी बोलायचं आहे. तीन वर्षं मी आत बसलो होतो. बाहेर गावांची नावं पडत होती. मला दुसरंच म्हणायचं असायचं.”

शालनला राहवलं नाही. “आवो, मला कळत हुतं की सगळं!”

त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. “थोडं कळायचं. पहिल्या दिवशी मला पाणी हवं होतं. तू चहा केलास.”

“हेळवाक म्हनला हुता तुमी!”

“ते तोंडात आलं. मला पाणी हवं होतं.”

तीन वर्षं. दिवसातून चार वेळा. शालननं मनातल्या मनात हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला. मग पाटणचं काय? कुंभार्लीचं काय? दुखतंय म्हणून तिनं रात्र रात्र पाठ चोळून दिली, तेव्हा त्यांना कुठलं भलतंच काही सांगायचं होतं का? जी बोली तिनं तीन वर्षं जिवापाड जपली ती दोघांची होती, की तिनं एकटीनंच रचली होती?

“मग प्यालात कशापायी?” तिनं विचारलं.

“तू केला होतास.”

तोच सपाट सूर. जुन्या सुरात हे तीन शब्द ऐकले असते तर ती जन्मभर त्यांवर जगली असती. आता हा लळा आहे की नुसती माहिती आहे, तिला सांगता येईना.

डॉक्टरांचा हात टोप चालवायच्या बटणापाशी गेला होता. “काकू, त्यांनी दोनदा हो म्हटलंय. तिसऱ्यांदा विचारते आणि सुरू करते.”

“मला एक इचारू द्या,” शालन म्हणाली. ती खुर्चीजवळ गेली, खाली बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले. उत्तराची भीती वाटत होती. चहा म्हणजे पाणी निघालं, मग हे काय निघेल? “आन् येराड? येराड म्हनताना तुमाला काय म्हनायचं असायचं?”

“येराड हे तुझं माहेर आहे.”

एवढं म्हणून ते थांबले. हे उत्तर नव्हे हे त्यांनाही कळलं असावं, कारण कपाळावर आठी पडली. गेल्या चार आठवड्यांत त्या चेहऱ्यावर पडलेली पहिली आठी. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. “येराड हे,” ते म्हणाले आणि पुढचा शब्द सापडेना. वाक्यात बसणारा शब्द नव्हताच तो. कानाजवळचा दिवा पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. कपाळावर घाम आला. डोळे शालनच्या तोंडावर खिळले होते.

मग मांडीवर पालथा पडलेला डावा हात हलला. सावकाश, ओझं उचलावं तसा वर आला, खुर्चीच्या लाकडी हातावर गेला, आणि वाकवलेल्या बोटाचा एक ठोका पडला.

टक.

डॉक्टरांनी बटणावरचं बोट मागे घेतलं. “काकू, तुम्ही सांगितलं होतं ना, एक म्हणजे...”

“थांब.”

“पण तोंडानं तर ते हो म्हणाले. आत्ताच म्हणाले.”

“व्हय.”

“मग यातलं कुणाचं ऐकायचं मी?” डॉक्टरांनी विचारलं.

शालननं त्यांच्याकडे बघितलं नाही. हणमंतरावांचा हात अजून उचललेलाच होता, बोट वाकलेलं, लाकडापासून दोन बोटं वर. दिवा पिवळा होता. त्यांचे ओठ हलत होते, पण कुठल्या गावासाठी की कुठल्या वाक्यासाठी, ते तिला कळत नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच कळतंय असं स्वतःला सांगायची तिची हिंमत नव्हती.

“एक वाजलीय, डॉक्टर,” ती त्या बोटावरची नजर न काढता म्हणाली. “दुसरी वाजायचीय का न्हाई, एवढं थांबून बघाल?”